अकरावा रकाना

व्हर्जिनियातील एका सरकारी हायस्कुलात मी गणित शिकवते. गेल्या वर्षी इतिहासाचे शिक्षक, इंग्रजीच्या शिक्षिका आणि मी अशा तिघांनी मिळून अमेरिकेतील गुलामगिरीवर तीन आठवडे एकत्र शिकवायचे ठरवले. आखणी दोन शनिवारांत झाली, मुख्याध्यापकांनी सहीही लगेच दिली. अडले ते जिल्हा शिक्षण कार्यालयाच्या पूरक साहित्याच्या अर्जात, आणि त्यातही अकराव्या रकान्यात.

‘विषयाची दुसरी बाजू मांडणारे साहित्य कोणते?’ असे तिथे विचारले होते. आम्ही ‘लागू नाही’ लिहिले. पाच आठवड्यांनी अर्ज परत आला, रकान्याभोवती लाल वर्तुळ काढून. दुसऱ्या खेपेस इतिहासाच्या शिक्षकांनी संतापून दीड पान लिहिले, की माणसांच्या खरेदी-विक्रीलाही दुसरी बाजू असते असे शाळेने शिकवायचे काय. तो अर्ज सहा आठवड्यांनी ‘जोडपत्र नाही’ एवढ्या शेऱ्यासह परत आला. फोन केला की ‘समितीपुढे आहे’ हेच उत्तर मिळे, आणि समिती महिन्यातून एकदाच बसते हे तिसऱ्या फोनला कळले. बैठकीची तारीख आधीच विचारून घ्यावी. अर्ज तिच्या दुसऱ्या दिवशी पोचला तर महिना गेलाच. पुण्यात रेशनकार्डावरच्या एका वेलांटीपायी वडिलांबरोबर घातलेले हेलपाटे मला आठवत होते, पण तिथे खिडकीपलीकडे निदान माणूस तरी दिसे.

आमचे मुख्य साहित्य म्हणजे १८६० च्या जनगणनेतील गुलामांच्या स्वतंत्र यादीचे एक पान. त्यात मालकाचे नाव असते आणि त्याखाली एकेका ओळीत वय, लिंग आणि रंग एवढेच. माणसाचे नाव नसते. सहा महिन्यांच्या बाळाचे वय ६/१२ असे अपूर्णांकात लिहिलेले असते. या नोंदींनुसार व्हर्जिनियात त्या वर्षी सुमारे ४ लाख ९० हजार माणसे गुलामीत होती. आमच्या इंग्रजीच्या शिक्षिकांची वंशावळ १८७० च्या जनगणनेपाशी थांबते, कारण त्याआधीचे पूर्वज अशाच कुठल्यातरी निनावी ओळीत आहेत. त्या पानावरून बोट फिरवत असताना त्यांनी एकदाही ‘दुसरी बाजू’ हे शब्द उच्चारले नाहीत. संताप आम्ही दोघेच करत होतो.

तिसरा अर्ज मी एकटीने भरला. दुसरी बाजूच हवी असेल, तर ती त्या बाजूच्या लोकांच्याच शब्दांत द्यावी, असे ठरवून मी व्हर्जिनियाचा संघराज्यातून फुटून निघण्याचा १७ एप्रिल १८६१ चा ठराव जोडला. ‘दक्षिणेकडील गुलामधारक राज्यांवरील जुलूम’ अशी तक्रार त्यात स्पष्ट आहे. सोबत मिसिसिपीचा त्याच वर्षीचा जाहीरनामा जोडला. आपली भूमिका गुलामगिरीच्या व्यवस्थेशी पूर्णपणे निगडित असल्याचे तो सुरुवातीलाच सांगतो. सदर्न पॉवर्टी लॉ सेंटर या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, या फुटण्यातून उत्तर आणि दक्षिणेत पेटलेल्या यादवी युद्धाचे मुख्य कारण गुलामगिरी होते हे बारावीच्या अवघ्या ८ टक्के विद्यार्थ्यांना ओळखता आले होते. त्यामुळे हे दोन कागद वर्गात तसेही हवेच होते. समितीने पुढच्याच बैठकीत मंजुरी दिली, वर ‘समतोल साहित्य’ असा कौतुकाचा शेराही मारला. त्या शेऱ्याचे मला हसू आले आणि रागही आला, पण खरे सांगायचे तर थोडा अभिमानही वाटला.

आणखी एक आठवले. लिलावाचे नाट्यीकरण असला उपक्रम अर्जात तर नकोच, वर्गातही नको. त्यात कृष्णवर्णीय मुलांची मानहानी होते आणि शिकायला काहीच मिळत नाही. अर्जात ‘गणिताचा संबंध काय’ असेही विचारतात, तेव्हा वयांचा आलेख जोडून द्यावा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते, हे मी सहकाऱ्यांना सांगितले तेव्हा पहिल्या तासाची सुरुवात त्यानेच करायचे ठरले.

मंजुरी एका वर्षापुरतीच असते. यंदाचा अर्ज मी ऑगस्टमध्येच, बैठकीच्या दहा दिवस आधी, जोडपत्रांसह देऊन आले आहे.