लीद, चुनखडी आणि छिद्रे

स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा शाळेची सर्वांत आधी आठवलेली वस्तू म्हणजे प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवलेली फुटक्या माठाची खापरी. विज्ञानाच्या सरांनी ती पाण्यात बुडवली, तिच्यातून उठणारे बुडबुडे दाखवले आणि विचारले, "हवा निघाली, म्हणजे आत पोकळी होती. ती कोणी केली?" आठवीच्या आमच्या वर्गात कोणालाच उत्तर येईना, म्हणून त्यांनी आम्हां चौघांना कोल्हापुरातल्या बापट कॅम्पातील कुंभारांकडे धाडले. तिथे माती तुडवणारे एक मामा हसून म्हणाले, "लीद घातल्याबिगर माठ गार करतोय व्हय? आव्यात लीद जळती, तिची जागा तेवढी ऱ्हाती." आज मी पाणी गाळण्यासाठी मातीची सच्छिद्र पटले, म्हणजे सिरॅमिक मेम्ब्रेन, तयार करतो, त्या कामाचे याहून नेमके वर्णन मला अजून सुचलेले नाही.

आमच्याकडे लिदीच्या जागी चुनखडीची बारीक भुकटी असते. चिनी माती आकार धरते, गारगोटीची पूड बळकटी देते, बोरिक आम्ल आणि सोडा कमी तापमानाला वितळून कण एकमेकांना चिकटवतात, आणि साधारण 700 ते 850 अंश सेल्सिअसच्या दरम्यान चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडून मागे वाटा ठेवतो. शंभर ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमधून 44 ग्रॅम वायू जातो, हे गणित सरांनी फळ्यावर सोडवून घेतले होते. त्याचा उपयोग कधी होईल, असे तेव्हा वाटले नव्हते.

माझ्या पहिल्या भट्टीतून आलेल्या बारा चकत्यांपैकी नऊ तडकल्या. मी घाईने तापमान वाढवले होते, आणि 573 अंशांना गारगोटीतल्या क्वार्ट्झची रचना बदलून तो एकाएकी फुगतो, हे पुस्तकात वाचूनही मनावर घेतले नव्हते. मिनिटाला दोन अंशांच्या वेगाने तापवू आणि तशाच सबुरीने निववू लागल्यावर तडे थांबले. दुसरी चूक मात्र अधिक लबाड निघाली. भट्टीतून धडधाकट निघालेल्या चकत्यांवर पावसाळ्यात, आठवड्याभराने, मोहरीएवढे पांढरे फोड उठले आणि त्यांचे कपचे उडाले. चुनखडीचे जाडसर कण पुरते न मुरता कळीचा चुना होऊन राहिले होते; हवेतली ओल पिऊन ते फुगले. खडा राहिलेली वीट पावसात का फुटते, हे कोणत्याही वीटभट्टीवाल्याने मला फुकट सांगितले असते. त्यानंतर भुकटी अधिक बारीक चाळणीतून गाळली, भट्टी 950 अंशांपर्यंत नेली, आणि चुना मातीतल्या सिलिका-ॲल्युमिनाशी बांधला गेला.

त्यांतली एक चकती पाच सेंटिमीटर व्यासाची आणि पाच मिलिमीटर जाडीची आहे. कोरडी असताना ती 16.4 ग्रॅम भरते; उकळत्या पाण्यात मुरवल्यावर 20 ग्रॅम, आणि पाण्यात टांगून तोलल्यावर 10.1 ग्रॅम. म्हणजे 9.9 घनसेंटिमीटर आकारमानात 3.6 घनसेंटिमीटर पोकळी, अर्थात सुमारे 36 टक्के. नववीत आर्किमिडीजचा सिद्धांत आम्ही याच तराजूच्या करामतीने शिकलो होतो.

गेल्या वर्षी ती घेऊन मी सरांना भेटलो. पंचगंगेचे पावसाळ्यातले तांबूस पाणी हातपंपाच्या दाबाने तिच्यातून ढकलले, तेव्हा खाली स्वच्छ थेंब पडू लागले. सरांनी थेंब निरखले आणि लगेच विचारले, "आणि मीठ?" मीठ आरपार जाते, हे मला कबूल करावे लागले. "विषाणू?" तेही बहुतेक जातात. 1884 मध्ये फ्रेंच संशोधक शांबरलाँ यांनी पोर्सेलीनची गाळणी केली, आणि 1892 मध्ये रशियन शास्त्रज्ञ इव्हानोव्स्की यांनी रोगट तंबाखूचा रस अशाच गाळणीतून गाळूनही तो रोग पसरवतो असे पाहिले. विषाणूंचा माग तिथूनच लागत गेला. सर म्हणाले, "मग गाळणी अपुरी पडली, हे बरेच झाले की!"

ती चकती मी शाळेच्या प्रयोगशाळेला दिली आहे. ती हाताळणाऱ्या मुलांसाठी एवढेच: तेलकट बोट लावू नये, पाणी मंदावले तर उलट बाजूने पाणी सोडून मऊ ब्रशने घासावी, तरीही ती मोकळी झाली नाही तर वाळवून सावकाश 500 अंशांपर्यंत तापवावी, आत अडकलेला सेंद्रिय मळ लिदीसारखा जळून जाईल.