मॅक्युलाचा आजार आणि मी: माझा अनुभव

दाराच्या चौकटीची सरळ कड उजव्या डोळ्याला मध्येच वाकलेली दिसू लागली, तेव्हा मी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो आणि तपासणीअंती वयोमानाने होणारा मॅक्युलाचा ऱ्हास असे निदान झाले. पूर्ण अंधत्व येईल का, हा माझा पहिला प्रश्न होता. मॅक्युला हा दृष्टिपटलाचा मध्यवर्ती, अगदी लहानसा भाग असून वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही कामे त्याच्याच जोरावर होतात. आजार तेवढ्या भागाला ग्रासतो आणि कडेची दृष्टी सहसा शाबूत राहते, असे डॉक्टरांनी समजावले. वाट दिसते, पण समोरच्या माणसाचे नाक-डोळे पुसट होतात.

ओसीटी, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाच्या थरांचे चित्र घेणाऱ्या तपासणीत, डाव्या डोळ्यात ड्रुसेन नावाचे पिवळसर साठे, म्हणजे या आजाराचा कोरडा प्रकार, दिसला. उजव्या डोळ्यात मात्र दृष्टिपटलाखाली नव्याने वाढलेल्या नाजूक रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरत होता, म्हणजे ओला प्रकार. हा दृष्टी झपाट्याने नेतो, तरी त्यावर उपचार आहे: अशा रक्तवाहिन्यांना वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाला अडवणारे औषध थेट डोळ्यात टोचतात. नुसत्या कल्पनेने अंगावर काटा आला होता. प्रत्यक्षात थेंब घालून डोळा बधिर करतात, पोव्हिडोन आयोडीनने स्वच्छ करतात, पापण्या चिमट्याने उघड्या ठेवतात आणि पांढऱ्या भागात सुई घालतात. मला जाणवला तो क्षणभराचा दाब, आणि खरी चुरचुर झाली ती घरी आल्यावर, आयोडीनमुळे. नजरेत तरंगणारे काळे बुडबुडे लवकरच विरले. नंतर वेदना वा लाली वाढत गेली किंवा दृष्टी घटली, तर तो संसर्ग असू शकतो आणि तेव्हा एक दिवसही थांबायचे नसते, अशी ताकीद दर वेळी मिळते. सुरुवातीला इंजेक्शन दरमहा होते. ओसीटीत द्रव दिसेनासा झाल्यावर अंतर वाढवले, पण उपचार संपलेला नाही.

डाव्या डोळ्यासाठी ल्युटीन, झियाझँथिन, जस्त, तांबे आणि क व ई जीवनसत्त्वे असलेल्या गोळ्या सुरू आहेत. त्यांनी गेलेली दृष्टी परत येत नाही, आजार पुढे सरकण्याचा धोका तेवढा कमी होतो.

वाचण्यासाठी मी अक्षराकडे थेट न बघता किंचित वर बघायला शिकलो, म्हणजे मधला डाग बाजूला सरतो. समोरच्याला वाटते मी त्याच्या कपाळाशी बोलतो आहे. त्याला माझा इलाज नाही. रिकाम्या भिंतीवर कधी नक्षी, कधी अनोळखी चेहरे दिसू लागले, तेव्हा मात्र मी घाबरलो. दृष्टी कमी झालेल्यांना असे भास होतात, स्वित्झर्लंडचे निसर्ग-अभ्यासक शार्ल बोने यांनी 1760 मध्ये आपल्या आजोबांबाबत ते नोंदवले होते आणि ते वेडाचे लक्षण नव्हे, हे कळल्यावर मी घरच्यांनाही सांगून टाकले.

एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकून टाकतो, म्हणून रोज सकाळी वाचायचा चष्मा लावून, एकेक डोळा मिटून मी अ‍ॅम्सलर ग्रिड, म्हणजे आडव्या-उभ्या सरळ रेघांची चौकटी, बघतो; एखादी रेघ नव्याने वाकलेली दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करायचा, असे ठरले आहे.