माळवद, पत्रा आणि मावशी

आमच्या औसा तालुक्यात जुनी घरं माळवदाची. दोन-अडीच फूट जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडांवर मातीचा भरभक्कम थर. दुपारचं ऊन त्यातून आत पोचेपर्यंत रात्र व्हायची, तोवर बाहेर गारवा पडलेला. पत्र्याचं उलटं. धातू उष्णता झटकन पुढं देतो आणि इथं तर मिलिमीटरभरही जाडी नाही. मे महिन्यात दुपारी दोनला आतून हात लावून बघा एकदा!

तरी मावशी बारा महिने पत्र्याखालीच झोपते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीच, भूकंपात तेच गार माळवद किल्लारीच्या आसपासच्या गावांत झोपलेल्या लोकांच्या अंगावर आलं. चिखलात रचलेल्या दगडांना हादरा पेलवला नाही. मावशी वाचली. पण आजही ट्रक गेला, मांडणीवरची भांडी वाजली की ती दारात. मेंदूतला अमिग्डाला धोक्याची घंटा आधी वाजवतो. ‘अगं, ट्रकच आहे’ म्हणणारा कपाळामागचा भाग जरा मागून येतो, आणि अशा आघातानंतर त्याचा अमिग्डालावरचा वचक कमी होऊ शकतो. ‘आता विसरा की’ म्हणणाऱ्या पाहुण्यांचा मला भयंकर राग येतो.

यंदा पत्र्याला वरून चुना मारला, खालून बांबूचे तट्टे ठोकले. तट्टा वजनाला किती, हे मावशीनं आधी स्वतः उचलून बघितलं. मगच ठोकू दिला.