पीएच-संवेदी जेलचं मॉडेल कुठे फसतं

पॉलिअॅक्रिलिक आम्लाचं जेल पीएचप्रमाणे फुगतं-आकसतं. त्याच्या जाळ्याला बांधलेल्या, म्हणजे स्थिर, प्रभाराची संहती म्हणजे कार्बोक्सिल (आम्ल गट) संहती × के ÷ (के + हायड्रोजन आयन संहती). के हा विघटन स्थिरांक. जेल फुगलं की कार्बोक्सिल संहतीही विरळ होते. ती कायम धरली, तर फुगवटा भलताच जास्त येतो.

आयनांच्या वहनासाठी नेर्न्स्ट-प्लांक समीकरण (विसरण आणि विद्युत-ओढ) घ्या, विद्युत विभवाचं पॉइसन समीकरण सोडा. 0.1 मोलर मिठात डिबाय लांबी, म्हणजे प्रभाराचा परिणाम पोचतो ते अंतर, जेमतेम 1 नॅनोमीटर; मिलिमीटरभर जेलला एवढी बारीक जाळी कोण घालणार? विद्युत-उदासीनता (धन-ऋण प्रभार सगळीकडे समसमान) आणि कडेला डोनन अट (जेल आणि बाहेरच्या द्रावणातल्या आयनांचा समतोल) पुरते.

फुगण्या-आकसण्याची वेळ मात्र हमखास चुकते. हायड्रोजन आयन वाटेतच कार्बोक्सिलेटला (हायड्रोजन आयन सोडलेल्या कार्बोक्सिलला) चिकटतात. मुक्त आयनाचाच विसरण गुणांक वापरून ते बांधलेले आयन संचय-पदात (समीकरणातला साठ्याचा भाग) धरले नाहीत, तर कागदावरचं जेल फार लवकर आकसतं. विसरणच अडसर असेल, तर जाडी दुप्पट केल्यावर वेळ चौपट यायला हवी. हे आधी तपासा.