अल्कली धातूंचे मोल-ठोकळे: गण 1 पूर्ण

गण 1 चा, म्हणजे आवर्त सारणीच्या पहिल्या स्तंभातल्या अल्कली धातूंचा, संच अखेर जमला. पुठ्ठ्याचे पाच ठोकळे, प्रत्येक ठोकळा म्हणजे त्या त्या धातूचा एक मोल, म्हणजे त्याच्या अणुवस्तुमानाइतके ग्रॅम. आकारमान खरं, वजनही खरं, फक्त आत धातूऐवजी भराव. रुबिडिअम आणि सीझिअम उघड्या हवेत पेट घेतात, तेव्हा घनता हातात धरून जोखायची तर मला हाच मार्ग पटतो.

अणुवस्तुमानाला घनतेने भागलं, घनमूळ काढलं, की बाजू मिळाली: लिथिअम 23.5 मिमी, सोडिअम 28.7, पोटॅशिअम 35.7, रुबिडिअम 38.2, सीझिअम साधारण 41. वजनं त्याच क्रमाने 6.9, 23, 39.1, 85.5 आणि 132.9 ग्रॅम.

भरावात गंमत आली. लिथिअमचा ठोकळा पुठ्ठा-डिंकासकट सात ग्रॅमच्या आत बसवायचा, म्हणजे कापूस आणि चिमूटभर वाळू. रुबिडिअममध्ये कोरडी बारीक वाळू ओतत गेलो, तर ठोकळा जवळपास काठोकाठ भरेपर्यंत वजन जुळलंच. सीझिअमला मात्र नुसती वाळू पुरत नाही, बेअरिंगचे छर्रे मिसळावे लागले.

आता मुख्य मुद्दा. घनता (ग्रॅम प्रति घन सेंमी) 0.53, 0.97, 0.86, 1.53, 1.9 अशी जाते. चढत्या रांगेत पोटॅशिअमच खाली का घसरतो? पाचही धातूंत अणूंची मांडणी एकच आहे, घनाच्या आठ कोपऱ्यांत आणि एक मधोमध, त्यामुळे रचनेचा फरक इथे आड येत नाही. झुंज आहे ती वस्तुमान आणि आकारमान यांची. सोडिअमवरून पोटॅशिअमवर येताना वस्तुमान 1.7 पट होतं, पण मोलचं आकारमान 1.9 पट. आकारमान जिंकतं, घनता पडते. बाकी सगळीकडे वस्तुमान जिंकतं.

पुढच्याच पायरीवर ते पुन्हा जोरात जिंकतं. पोटॅशिअम ते रुबिडिअम या टप्प्यात 8 नव्हे, 18 मूलद्रव्यं ओलांडायची असतात, कारण मध्ये 3डी उपकवच (अणूतल्या इलेक्ट्रॉनांचा एक आतला थर) भरतं. वस्तुमान दुपटीहून जास्त वाढतं, पण ते डी इलेक्ट्रॉन केंद्रकाचा वाढलेला प्रभार नीट झाकत नाहीत, त्यामुळे अणू फारसा फुगत नाही. दोन्ही ठोकळे दोन हातांत घ्या: बाजूत अडीच मिलिमीटरचा फरक, आणि वजन मात्र एकदम खाली ओढतं. कोष्टकातले आकडे मला कित्येक वर्षं पाठ होते, पण ते कळले या ठोकळ्यांनी.

मेण चोपडून, भराव तळाशी ठेवून पाण्यातही सोडून पाहिले. सोडिअम जेमतेम मिलिमीटरभर वर राहतो, पोटॅशिअम चांगला पाच मिलिमीटर. रुबिडिअम, सीझिअम सरळ तळाला. फ्रान्सिअमचा ठोकळा करणार नाही. त्याच्या सर्वांत टिकाऊ समस्थानिकाचा अर्धायुकाल 22 मिनिटं, तोलता येईल एवढा तुकडा कधी जमतच नाही.

पुढे गण 2 घेतोय. तिथे बेरिलिअम 1.85, मॅग्नेशिअम 1.74, कॅल्शिअम 1.55 अशी घसरण लागोपाठ दोन पायऱ्या चालते आणि स्ट्रॉन्शिअमला उलटते. कॅल्शिअमची बाजू 29.6 मिमी आली आहे. वजन पोटॅशिअमपेक्षा ग्रॅमभरच जास्त, आणि आकारमान त्याच्या निम्म्याहून थोडंसंच अधिक. एका जादा इलेक्ट्रॉनचा बंध केवढा आवळतो ते तिथे दिसतंय, म्हणून आधी कॅल्शिअमच कापायला घेतला आहे.