वहीत आलेले आणि वहीबाहेर राहिलेले होम रन

आझाद मैदानावरच्या क्लब सामन्यांचे स्कोअरबुक मी बरीच वर्षे लिहीत आलो आहे, आणि बेसबॉलकडे मी वळलो तो याच सवयीमुळे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे संध्याकाळचे सामने मुंबईत पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास सुरू होतात. घरातली माणसे उठायच्या आत दोन तास निवांत मिळतात. तिकडचे लोक ज्या निगुतीने एकेक चेंडू लिहून ठेवतात, ते पाहिल्यावर वही लिहिणाऱ्या माणसाचा जीव त्यात न गुंतता तरच नवल. त्या नोंदींतला सर्वांत वादग्रस्त आकडा म्हणजे कारकिर्दीतील एकूण होम रनांचा, म्हणजे थेट कुंपणापलीकडे गेलेल्या फटक्यांचा. पहिला बॅरी बाँड्स, 762. दुसरा हँक ॲरन, 755. तिसरा बेब रूथ, 714. चौथा अल्बर्ट पुहोल्स, 703. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिकडच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, सातशेचा टप्पा ओलांडणारे एवढेच चौघे.

आपल्याकडे होम रन समजावून सांगताना षटकाराची उपमा दिली जाते, पण दुर्मिळतेच्या दृष्टीने ती पुरेशी नाही. संपूर्ण हंगामात, दीडशेच्या आसपास सामन्यांत, तीस होम रन मारणारा फलंदाज उत्तम गणला जातो. म्हणजे 700 हा आकडा गाठायचा तर असे तेवीस-चोवीस उत्तम हंगाम ओळीने हवेत.

रूथच्या आधीचा विक्रम रॉजर कॉनर या खेळाडूच्या नावावर होता आणि तो होता अवघा 138. रूथने 1921 मध्ये तो मागे टाकला आणि 1935 मध्ये थांबताना त्याच्या पाचपटीहून पुढे गेला, तेही कारकिर्दीची सुरुवात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, म्हणून केलेली असताना. जाता जाता एक नोंद: 1930 च्या आसपास नियम बदलेपर्यंत टप्पा पडून कुंपणापलीकडे गेलेला चेंडूही होम रन धरला जाई. आपण ज्याला चौकार म्हणू तो तिकडे षटकारात जमा होत होता.

मला मात्र या यादीत सर्वाधिक आदर वाटतो तो ॲरनबद्दल. त्याने एकाही हंगामात पन्नास होम रन मारले नाहीत. त्याची सर्वोत्तम मजल 47, ती 1971 मधली. तरीही तो वर्षामागून वर्षे तीस-चाळीस मारत राहिला आणि 1973 चा हंगाम संपला तेव्हा 713 वर, रूथच्या एक पाऊल मागे, उभा होता. त्या हिवाळ्यात त्याला जे सोसावे लागले ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. एका गोऱ्या दैवताचा विक्रम कृष्णवर्णीय माणसाने मोडू नये म्हणून त्याला शिवीगाळ करणारी आणि जिवे मारण्याच्या धमक्या देणारी पत्रे ढिगाने येत होती. 8 एप्रिल 1974 रोजी अटलांटात, डॉजर्स संघाच्या ॲल डाउनिंगच्या चेंडूवर त्याने 715 वा होम रन मारला. त्याच्या कर्तृत्वाचे खरे माप मला आणखी एका हिशेबात दिसते: त्याच्या 3771 हिट्समधून (यशस्वी फटक्यांमधून) सगळे 755 होम रन वजा केले, तरी 3016 हिट्स उरतात, आणि तीन हजार हिट्स ही एकटीच गोष्ट एखाद्याला अजरामर करायला पुरेशी असते.

बाँड्सने 7 ऑगस्ट 2007 रोजी 756 वा होम रन मारून ॲरनला मागे टाकले. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणाची छाया त्याच्या उत्तरार्धावर आहे, आणि पत्रकारांच्या मतदानातून हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मान-संग्रहालयात, जाण्याची त्याची शेवटची संधी 2022 मध्ये गेली. तो 756 वा चेंडू विकत घेणाऱ्याने त्यावर तारांकन, म्हणजे विक्रम शंकास्पद असल्याची खूण, उमटवून तो त्या संग्रहालयाला दिला. मला ते तारांकन मान्य नाही. चेंडू कुंपणापलीकडे गेला, पंचांनी हात फिरवला, नोंद झाली. चारित्र्याचा निवाडा करणे हे स्कोअररचे काम नव्हे. त्याच वहीत आणखी एक आकडा आहे, जो वाद घालणाऱ्यांच्या क्वचितच लक्षात येतो: 688 वेळा प्रतिस्पर्ध्यांनी बाँड्सला मारू देण्याऐवजी जाणूनबुजून पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, फुकट पाठवले. इतकी भीती दुसऱ्या कोणाचीही नोंदलेली नाही.

माझी खरी तळमळ आहे ती वहीत न आलेल्या होम रनांविषयी. मुंबईकराला हे समजावून सांगण्यासाठी कांगा लीगचे उदाहरण पुरे आहे. 1948 पासून चालत आलेल्या या स्पर्धेत भर पावसाळ्यात, ओल्या आणि उसळी घेणाऱ्या खेळपट्टीवर काढलेल्या पन्नास धावांची किंमत मैदानावरचा प्रत्येक जाणकार ओळखतो. पण प्रथम श्रेणीच्या आकडेवारीत त्यातली एकही धाव धरली जात नाही.

जॉश गिब्सनच्या बाबतीत हे याहून फार क्रूरपणे घडले. कृष्णवर्णीयांना मेजर लीगचे दार बंद असल्यामुळे तो निग्रो लीगमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या स्पर्धेत, खेळला. हॉल ऑफ फेममधील त्याच्या फलकावर सर्व प्रकारचे सामने धरून जवळजवळ 800 होम रन असा उल्लेख आहे. जानेवारी 1947 मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो गेला, आणि तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सनने ते दार उघडले. 2024 मध्ये निग्रो लीगची 1920 ते 1948 या काळातील आकडेवारी अधिकृत नोंदींत सामील झाली, तेव्हा गिब्सन फलंदाजीच्या .372 सरासरीने (दर हजार संधींत 372 हिट्स) सर्वकालीन यादीत अव्वल ठरला. होम रन मात्र दोनशेच्याही आत राहिले, कारण लीगचे हंगाम छोटे होते आणि गावोगावच्या दौऱ्यांतले सामने त्यात धरलेले नाहीत. निग्रो लीगमध्येही खेळलेल्या विली मेजच्या खात्यात त्याच वेळी दहा हिट्सची भर पडली, पण त्याचे होम रन 660 होते ते 660 च राहिले. ॲरनसुद्धा 1952 मध्ये इंडियानापोलिस क्लाउन्स या निग्रो लीगमधल्या संघाकडून खेळला होता. तिथले त्याचे होम रन 755 मध्ये नाहीत.

शिवाय जपानचा सदाहारू ओ आहे. उजवा पाय उचलून, एका पायावर तोल सांभाळत तो उभा राहत असे, आणि योमिउरी जायंट्सकडून 1959 ते 1980 या काळात त्याने 868 होम रन मारले. तिकडची मैदाने लहान होती, हा आक्षेप खरा आहे. पण तिकडचा हंगामही साधारण 130 सामन्यांचा, अमेरिकेतल्यापेक्षा तीसेक सामन्यांनी कमी, हे सांगायला आक्षेप घेणारे विसरतात. माझ्या मते 868 आणि 762 हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत आणि प्रत्येकापुढे लीगचे नाव लिहावे.

2 नोव्हेंबर 1974 रोजी टोकियोत ओ आणि ॲरन समोरासमोर आले होते, केवळ होम रनांच्या चढाओढीसाठी. ॲरनने ती 10-9 अशी जिंकली. ते एकोणीसही होम रन कोणाच्याच कारकिर्दीत मोजलेले नाहीत. मी ते माझ्या स्कोअरबुकच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, तारखेसह, लिहून ठेवले आहेत.