तुम्ही विचारलंत म्हणून: लायसन नसलेल्या शिक्षकाला सभासद होता येतं का?

‘मॅडम, माझ्याकडे लायसन नाही, पण आठ वर्षं शिकवतोय. संघटनेत घ्याल का?’ महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणी ना कुणी हे विचारतं. विमानाची देखभाल, म्हणजे एएमई, शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांची ही छोटीशी संघटना. सभासदत्वाचे अर्ज माझ्याकडे येतात. आजवर मी ‘नियम वाचा’ एवढंच म्हणत आले. पण तो नियम माझ्याच हातचा आहे, तेव्हा एकदा सगळं सांगून टाकते.

बारा वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं की डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, वैध एएमई लायसन असलेल्या शिक्षकालाच सभासद होता येईल. बैठकीत दोघांनी विरोध केला. एकाने अमेरिकेचा दाखला दिला. तिथे एफएएचं, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाचं, ग्राउंड इन्स्ट्रक्टर (वर्गात शिकवणाऱ्याचं) प्रमाणपत्र घ्यायला स्वतः वैमानिक असावं लागत नाही, लेखी परीक्षांवर ते मिळतं. दुसऱ्याने लंडनच्या रॉयल एरोनॉटिकल सोसायटीचं नाव काढलं. ती १८६६ पासूनची, आणि या विषयाची नुसती आवड असलेल्यालाही ‘अफिलिएट’ म्हणून दारातून आत घेते. मी म्हटलं, तिकडचं मला सांगू नका, इकडे काय चाललंय ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि पाहिलंच होतं. जळगाव, लातूरकडून आलेली मुलं, घरच्यांनी जमीन गहाण टाकून भरलेली फी, आणि फळ्यापुढे उभा कोण, तर आदल्या वर्षीच त्याच संस्थेतून बाहेर पडलेला मुलगा, ज्याने टर्बाइनचं ब्लेड हातात धरलेलं नाही. लायसनच्या परीक्षेत विषयवार पेपर असतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात; प्रत्येकाला पास व्हायला ७५ टक्के लागतात. ही मुलं एकाच मॉड्यूलला चार-चार वेळा बसायची आणि दोष स्वतःच्या डोक्याला द्यायची. मला त्याची चीड होती, अजून आहे. शिवाय लायसनवाल्याची सही म्हणजे जबाबदारी. चूक झाली तर लायसन निलंबित होतं. बिनलायसनच्या माणसाचं काय निलंबित करणार? हा मुद्दा आजही मला कुणी खोडून दाखवलेला नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा बोलले नव्हते. मला लायसन मिळायला सहा वर्षं लागली. हँगरमध्ये पहिली दोन वर्षं मला टूल रूमच्या नोंदवहीपाशी बसवून ठेवलं होतं, का तर बाई आहे. एवढ्या कष्टाने मिळालेल्या कागदाची किंमत कमी होऊ नये, असं वाटायचं. यात स्वार्थ होता का? होता.

नियम झाला. पहिल्या फेरीत चौदा अर्ज बाद ठरले. चौदा पत्रं छापून आली आणि मी एका दुपारी वरची नावं न वाचता सह्या करून टाकल्या.

त्यातलं एक सरांचं होतं.

सर हवाई दलात टेक्निशियन होते, बंगळूरच्या जालहळ्ळीला ट्रेनिंग झालेलं. निवृत्त झाल्यावर आमच्या वर्कशॉपमध्ये आले. डीजीसीएचे पेपर त्यांनी कधी दिले नाहीत. लॉकवायर मला त्यांनी शिकवली. बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातल्या भोकातून तार ओवून ती पीळ देत शेजारच्या बोल्टला न्यायची. इंचाला सहा ते आठ पीळ. तारेची ओढ बोल्ट आवळण्याच्या दिशेनेच हवी, उलटी गेली तर तार असून नसल्यासारखी. आणि शेवटचं टोक आत वळवायचं, पुढच्या माणसाचा हात कापू नये म्हणून. सर डोळे मिटून अंगठ्याच्या नखाने पीळ मोजायचे. एक कमी भरला तरी ‘काप’. मी सतरा वेळा कापलंय.

रिव्हेटिंग, म्हणजे धातूचे पत्रे रिव्हेट ठोकून जोडणं, शिकवताना ते फळ्यावर फक्त दोन रांगा ठिपके काढायचे आणि एक रांग पुसायचे. मग सांगायचे, जपान एअरलाइन्सचं १२३ क्रमांकाचं विमान. १९७८ मध्ये विमानाची शेपूट धावपट्टीला घासली, मागच्या प्रेशर बल्कहेडची, म्हणजे केबिनमधली दाबाची हवा धरून ठेवणाऱ्या मागच्या भिंतीची, दुरुस्ती झाली. जोडपट्टी सलग टाकायच्या ऐवजी दोन तुकडे करून टाकली, त्यामुळे जिथे रिव्हेटच्या दोन रांगांनी भार घ्यायचा तिथे तो एकाच रांगेवर आला. सात वर्षं विमान उडत राहिलं. १२ ऑगस्ट १९८५ ला ते बल्कहेड फुटलं. ५२४ जणांतले ५२० गेले. ‘कागद सगळे पूर्ण होते,’ एवढंच बोलून ते ड्रिल हातात द्यायचे.

पत्र घेऊन ते सोमवारी सकाळी वर्कशॉपमध्ये माझ्याकडे आले. बाकावर आदल्या बॅचचे लॉकवायरचे जॉब, म्हणजे मुलांनी सरावासाठी केलेले नमुने, मांडलेले होते, तीसेक असतील. म्हणाले, ‘इंग्रजी येतं मला, पण तू मराठीत सांग, म्हणजे माझी काही चूक होत नाही ना ते कळेल.’ मी वाचलं. वैध लायसन नसल्यामुळे आपण विमान देखभाल शिक्षक या व्याख्येत बसत नाही. खाली माझी सही. माझं वाक्य मराठीत माझ्याच तोंडून पहिल्यांदा बाहेर पडत होतं, आणि समोर ते उभे.

त्यांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली. मग बाकाकडे पाहून विचारलं, ‘मग हे जॉब मी तपासू, की तुम्ही तपासता?’

त्या दिवसापर्यंत ते मला ‘अगं’ म्हणत होते.

मी म्हटलं, सर, असं काय बोलता, तुम्हीच तपासा. त्यांनी तपासले, एकेक, नखाने पीळ मोजत. पाच मुलांना ‘काप’ म्हणाले. मी तिथेच उभी होते आणि माफी मागितली नाही. नियम बरोबर आहे, अपवाद केला तर सगळ्यांसाठी करावा लागेल, असंच मनात घोळत होतं.

पुढे मी ‘सहयोगी सभासद’ अशी पायरी सुचवली, मताचा अधिकार नसलेली. मोठं मन दाखवतेय असं तेव्हा वाटलं. सरांनी तो अर्ज घेतलाच नाही. तीन वर्षांपूर्वी नियम बदलला: लायसन, किंवा सलग पाच वर्षं शिकवल्याचा दाखला आणि दोन सभासदांची शिफारस, दोन्ही प्रकारच्या सभासदांना मत सारखंच. मी बाजूने हात वर केला.

पण त्याच दाराने गेल्या वर्षी एकजण आला, जो शिकवत नव्हता, एका संस्थेसाठी मुलं गोळा करायचा. पाच वर्षांचा दाखला संस्थेनेच दिलेला, शिफारसी मित्रांच्या. त्याला काढताना वर्षभर भांडण चाललं आणि त्या वर्षभरात मला रोज वाटायचं, बारा वर्षांपूर्वीची ती बाई चुकली नव्हती. मग सोमवारची ती सकाळ आठवायची.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: होय, अर्ज करता येईल. दाखल्यासोबत एका कागदावर लिहा की गेल्या आठवड्यात मुलांकडून हाताने काय करून घेतलंत आणि त्यातलं काय परत करायला लावलंत. हे नियमात नाही, मी माझ्यापुरतं मागते, आणि समितीतल्या दोघांना ते पटत नाही. माझ्याही मनात हे पक्कं बसलेलं नाही. सरांसाठीचा कोरा फॉर्म मी दरवर्षी वर्कशॉपच्या बाकावर ठेवते. ते त्यावर जॉब ठेवतात, तेलाचे डाग बाकाला लागू नयेत म्हणून.